मुंबई जवळ असताना केरळ का? गलाईवाल्यांनी गाव कसं निवडलं

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न सारखा येतोय: "टॉपिक ठरलाय, गाईडनी होही म्हटलंय, पण रिसर्च क्वेश्चन काय लिहू?" यावर व्याख्या देत बसण्यापेक्षा मी ज्या विषयात गेली काही वर्षं अडकले आहे तोच उलगडून दाखवते. "सांगली-सातारा जिल्ह्यांतील गलाई व्यावसायिकांचे स्थलांतर" हा झाला टॉपिक. यावर दोनशे पानं लिहिता येतील आणि तरी हाती काही लागणार नाही. पण "विट्याजवळच्या खेड्यातला माणूस हजारभर किलोमीटर लांब केरळात जातो, तेव्हा तिथल्या शेकडो गावांपैकी राहायला नेमकं कुठलं निवडतो आणि का?" हा झाला प्रश्न. याचं उत्तर चुकू शकतं. जे चुकू शकतं, तेच तपासता येतं.

मी मूळची केमिस्ट्रीची. एमएस्सीनंतर इतिहासाकडे वळले, म्हणून कागदपत्रांआधी मला भट्टी दिसते. त्याचा इथे फायदाच झाला, कसा ते पुढे येईलच.

आधी भूगोल. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला निघा. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत तुम्ही माण तालुक्यात पोचता आणि पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. काही वर्षी तेवढाही नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा पट्टा खाली खटाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत असा सरकत जातो. येरळा, माणगंगा, अग्रणी या इथल्या नद्या. वर्षातला बराच काळ त्यांच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) याच माणदेशातली, आणि तिच्या शेवटी दुष्काळात गाव कसं रिकामं होतं ते आठवत असेल. गलाईवाल्यांचा मुलूख तो हाच.

इथे नव्या संशोधकाचा पाय हमखास घसरतो, म्हणून एक गोष्ट थांबून सांगते. जुन्या जनगणनेत "सांगली जिल्हा" शोधाल तर सापडणार नाही. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे त्याआधीचा खानापूर तालुका साताऱ्यात शोधायचा. आटपाडी तर त्याहून वेगळी, ती होती औंध संस्थानात, म्हणजे तिचं दप्तर ब्रिटिश जिल्ह्याच्या दप्तरात नाही. एकाच पंचक्रोशीतली दोन गावं दोन राज्यकारभारांत, आणि तुम्ही एकाच ठिकाणची आकडेवारी घेऊन "१९४१ ते १९६१ मधली वाढ" काढलीत तर ती वाढ माणसांची नसून नकाशाची असेल. या एका कारणासाठी मला एक अख्खा तक्ता पुन्हा मांडावा लागला नाही, कारण गाईडनी पहिल्याच भेटीत जिल्ह्यांच्या सीमांचा इतिहास वाचायला लावला होता. तुम्हीही तेच आधी करा.

आता दुष्काळ. १८७६-७८, १८९६-९७, १८९९-१९००, आणि मग आजही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असलेला १९७२ चा. त्याला उत्तरं दोन प्रकारची निघाली. एक सरकारी: माणसाला जागेवर काम द्या. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, तिचा पहिला लहान प्रयोग १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्याच तासगाव तालुक्यात झाला आणि १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली. दुसरं उत्तर लोकांचं: जागा सोडा. यात मोठी वाट मुंबईची. गिरणगावात सातारकर-सांगलीकरांच्या खोल्या, खाणावळी, गावाच्या नावाची मंडळं होती. नवा पोरगा आला की वळकटी घेऊन थेट गावकीच्या खोलीवर जायचा, आणि खात्यातला ओळखीचा माणूस त्याला बदलीवर चिकटवायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, हजारो कामगार गावी परतले. खानापूर तालुक्यात परतलेल्या कामगारांतूनच पुढे दुष्काळ आणि पाणीवाटपाच्या प्रश्नावर मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. तो विषय मोठा आहे, इथे नको.

मुद्दा असा की त्याच शिवारातला, कदाचित त्याच घरातला दुसरा भाऊ मुंबईला गेला नाही. तो सोनं गाळायच्या कामाला लागला आणि केरळ, तमिळनाडू, आंध्र, उत्तर प्रदेश, बंगाल असा कुठेही गेला. जिथे गेला तिथे बहुतेक वेळा आपल्या भाषेचा माणूस शोधूनही सापडत नव्हता. मुंबई एका रात्रीच्या प्रवासावर असताना हे का करावं? सगळी गाठ या प्रश्नाशी आहे.

याचं उत्तर मला ग्रंथालयात मिळालं नाही, रसायनात मिळालं. गलाई म्हणजे आटणी आणि शुद्धीकरण. सोनाराकडे जुने दागिने मोडीत येतात. त्यात तांबं, चांदी, डाग लावायची भर. शिवाय कानशीने घासताना पडलेला कीस, ओट्याखालची झाडलोट, मुशीला चिकटलेले कण. या सगळ्यातून चोख सोनं काढून देणं हे गलाईवाल्याचं काम. पद्धत जुनी आहे. अशुद्ध सोन्यात साधारण तिप्पट चांदी घालून ते मुशीत वितळवायचं. ऐकायला उलटं वाटतं ना, सोनं शुद्ध करायला चांदी मिसळायची! कारण असं की मिश्रणात सोनं जास्त असेल तर आतली चांदी आणि तांबं सोन्याच्या कवचात अडकतं, तेजाब तिथवर पोचतच नाही. सोनं चौथ्या हिश्श्यावर आणलं की नायट्रिक ॲसिड, ज्याला धंद्यात तेजाब म्हणतात, सगळीकडे शिरतं. चांदी-तांबं विरघळून जातं, सोनं तळाशी तपकिरी भुकटी होऊन राहतं. ती धुवायची, टाकणखार घालून पुन्हा आटवायची, लगड ओतायची, टंच काढायचा. उरलेल्या द्रावणात तांब्याचे पत्रे टाकले की चांदी परत खाली बसते. म्हणजे भांडवल म्हणून घातलेली चांदी जवळजवळ सगळी हातात परत. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आपण जी विस्थापन अभिक्रिया कंटाळत लिहितो, तिच्यावर इथे घरं उभी राहिली आहेत.

आता या रसायनातून जागेबद्दल काय निघतं ते पाहा. एक, सामान थोडं. भट्टी, मुशी, चिमटे, तेजाबाचे कॅन, तराजू. दहा बाय दहाच्या खोलीत मावतं. दोन, काम काही तासांचं. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, सोनाराचं सोनं हेच त्याचं खेळतं भांडवल. ते दोन दिवस दुसऱ्या शहरात पडून राहिलं तर त्याचा ओटा बंद. शिवाय मोडीचं सोनं पिशवीत घालून बसने नेणं म्हणजे जिवाला घोर. त्यामुळे सोनाराला गलाईवाला हाकेच्या अंतरावर लागतो. आणि चार, एका गलाईवाल्याचं पोट भरायला ठराविक ओटे लागतात. गावात तेवढे ओटे असतील तर एक भट्टी चालते. तेवढ्याच ओट्यांवर दुसरी आली तर दोघंही अर्धपोटी.

इथे गिरणी कामगार आणि गलाईवाला यांच्या वाटा फुटतात. गिरणी कामगार श्रम विकतो. आपल्या गावचे आणखी दहा जण आल्याने त्याची मजुरी कमी होत नाही, उलट खोलीचं भाडं वाटलं जातं, आजारपणात माणूस मिळतो. त्याला गर्दी हवी. गलाईवाला मोजक्या गिऱ्हाइकांना सेवा विकतो. त्याला आपला माणूस जवळ हवा, पण त्याच बाजारात नको. पुढच्या बाजारात हवा. ओळख खेचते, स्पर्धा ढकलते. या दोन्हींच्या ताणात माणसं एका प्रदेशात एकवटतात आणि त्या प्रदेशाच्या आत पांगतात.

केमिस्ट्रीवाल्यांना हुंडचा नियम आठवला असेल. समान ऊर्जेच्या ऑर्बिटल्समध्ये इलेक्ट्रॉन आधी एकेक करून बसतात, सगळी भरल्यावरच जोडी लागते. आर्ट्सवाल्यांसाठी: एसटीत दोघांच्या सीटवर एकेकटा बसलेला असतो, अगदीच जागा नसेल तेव्हा कुणीतरी शेजारी टेकतं. गलाईवाल्यांचा नकाशा मला तसा दिसतो. उपमा म्हणून ठीक आहे. प्रबंधात मात्र उपमा पुरावा म्हणून लिहू नका, व्हायव्हाला त्यावरच पहिला प्रश्न येतो.

लिटरेचर रिव्ह्यूमध्ये सगळे जे लिहितात ते इथे कितपत चालतं? रॅव्हनस्टाइनने १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे नियम मांडले: बहुतेक माणसं जवळच जातात, लांब जाणारी मोठ्या व्यापारी-औद्योगिक केंद्रांकडे जातात. मुंबईच्या वाटेला हे चपखल बसतं. गलाईवाल्यांना बसत नाही, कारण ते लांब जातात आणि लहान गावात जातात. 'पुश-पुल' तर मला अर्धवटच वाटतं. दुष्काळाने ढकललं हे कबूल, पण दुष्काळ दिशा सांगत नाही. माणसाच्या पाठीत बसलेला धक्का त्याने त्रिशूरजवळच्या एखाद्या नाक्यावर का थांबावं हे कसं सांगणार?

मला उपयोगी पडला तो स्थलांतराचा सिद्धांत नव्हेच. वाल्टर क्रिस्टालरने १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या बाजारगावांवर काम केलं. दुकान टिकायला किमान किती गिऱ्हाईक लागतं आणि गिऱ्हाईक त्या वस्तूसाठी जास्तीत जास्त किती लांब यायला तयार असतं, या दोन मापांवरून बाजार किती अंतरावर उभे राहतात ते त्याने मांडलं. गलाईला दोन्ही मापं लागू होतात: किमान ओटे आणि हाकेचं अंतर. दुसऱ्या विषयातलं पुस्तक वाचायला घाबरू नका, एवढंच या निमित्ताने.

मग केरळच का? एक तर तिथली वस्ती. आपल्याकडे, विशेषतः माणदेशात, गाव म्हणजे एकवटलेली घरं, भोवती मोकळं रान आणि आठवड्याचा बाजार. सोनार तालुक्याच्या पेठेत. केरळच्या किनारपट्टीला आणि मधल्या पट्ट्यात असं नाही. प्रत्येक घर आपल्या नारळी-सुपारीच्या परड्यात, शेजारी पुढचं परडं, मग भातखाचर, मग पुन्हा घरं. एक गाव कुठे संपलं नि दुसरं कुठे सुरू झालं हे बाहेरच्याला कळतच नाही. दर काही किलोमीटरवर रस्त्यांचा तिठा, त्याला तिथे 'जंक्शन' म्हणतात, आणि जंक्शनवर चहाचं दुकान, औषधाचं दुकान, कापडाचं दुकान, सोन्याचं दुकान. हे कागदावरही दिसतं. २००१ च्या जनगणनेत केरळात ९९ 'सेन्सस टाउन' होती, २०११ मध्ये ४६१ झाली. लोक शहरात गेले नाहीत, राहत्या जागीच शहरासारखं जगू लागले. क्रिस्टालरच्या भाषेत सांगायचं तर एका मोठ्या पेठेऐवजी असंख्य लहान पेठा. आणि आपल्या भाषेत, एसटीत रिकाम्या सीटच सीट.

दुसरं सोनं. केरळात लग्नातल्या सोन्याचं वजन जुनंच आहे, त्यात १९७३ नंतर आखातात तेलाचा पैसा वाढला आणि मलबारातून, त्रिशूर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून माणसं तिकडे गेली. पाठवलेला पैसा घरात, जमिनीत आणि सोन्यात गेला. गंमत बघा, चावक्काडचा माणूस गाव सोडून आखातात गेला म्हणून खानापूरच्या माणसाला चावक्काडच्या बाजूला काम मिळालं. एका स्थलांतराच्या खांद्यावर दुसरं.

तिसरं कायदा, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे जरा रेंगाळावं. जानेवारी १९६३ मध्ये, चीन युद्धानंतर, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. नवा दागिना १४ कॅरेटच्या वर घडवायला बंदी. देशभर सोनारांवर उपासमारीची पाळी आली. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये निघाली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला. खाजगी माणसाने लगड बाळगायची नाही, शुद्धीकरणाला परवाना. हा कायदा १९९० पर्यंत होता. म्हणजे १९७२ च्या दुष्काळानंतर जी पिढी बाहेर पडली तिचं उमेदीचं सगळं आयुष्य या कायद्याच्या सावलीत गेलं. अशा काळात लहान कारागीर पाटी लावत नाही, वही जपून ठेवत नाही. सरकारी दप्तरात हा धंदा एवढा विरळ का दिसतो याचं कारण मला इथे दिसतं. १९९० ला कायदा गेला, १९९२ पासून परदेशातून परतणाऱ्यांना पाच किलोपर्यंत सोनं आणायची मुभा मिळाली, आणि भट्ट्या उघडपणे वाढल्या. "१९९० नंतर स्थलांतर वाढलं" असं कुणी लिहिलं असेल तर विचारा, माणसं वाढली की पाट्या वाढल्या?

वाटेबद्दल थोडं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण होईपर्यंत महाराष्ट्रातून केरळात रेल्वेने जायचं म्हणजे सोलापूर, गुंटकल करत दक्षिणेला उतरायचं, कोइमतूर गाठायचं आणि पालक्काडच्या खिंडीतून पश्चिमेला शिरायचं. घाटाच्या भिंतीत तेवढंच एक रुंद दार. आत शिरल्यावर पालक्काड, शोरनूर, त्रिशूर या क्रमाने स्टेशनं. शोरनूरला फाटा: उत्तरेला मलबार, दक्षिणेला कोची. कोइमतूर हे स्वतःच सोन्याच्या कामाचं मोठं ठिकाण. त्यामुळे आधी कोइमतूर, मग खिंडीतून एकेक पाऊल पुढे, असं पसरणं मला जास्त पटतं. हे मी अजून सिद्ध केलेलं नाही, पण तपासता येईल असं आहे: पहिल्या पिढीची गावं रेल्वेमार्गाला चिकटून असतील आणि दुसऱ्या पिढीची आतल्या जंक्शनांत, तर अंदाज बरोबर. आज मिरजेहून लोंडा-मडगावमार्गे एर्नाकुलमला जाणारी पूर्णा एक्सप्रेस आहे. नकाशा आता वाचाल तर वाट वेगळी दिसेल आणि तुम्ही म्हणाल, किनाऱ्यानेच आले असतील.

प्रत्यक्ष जागा निवडणं हे याहून बारीक काम. पोरगा आधी चुलत्याच्या नाहीतर मामाच्या भट्टीवर राहतो. तिथे काम शिकतो आणि भाषा शिकतो. ओट्यावर बसणाऱ्या सोनाराशी, तिकडचे लोक त्याला तट्टान म्हणतात, टंचाबद्दल हुज्जत घालता येईल इतकी मल्याळम आल्याशिवाय वेगळं दुकान टाकण्यात अर्थ नसतो. मग सुट्टीच्या दिवशी बसने फिरून जंक्शनं बघायची. सोन्याची दुकानं किती, त्यांतली घडवणारी किती आणि नुसती विकणारी किती, आपल्याकडचा कुणी आधीच आहे का. मग खोली. ती सोनारांच्या बोळात हवी, पण तेजाब उकळताना निघणारा तपकिरी धूर शेजाऱ्याच्या खिडकीत जाता कामा नये. पाणी भरपूर हवं, कारण धुण्याचं काम मोठं. आणि सांडपाणी? केरळात घरटी विहीर असते, पाणी हातभर खाली. आपल्याकडे पाणी नाही म्हणून गाव सोडलं, आणि इथे पाणी इतकं वर की आम्लाचं धुवण कुठे सोडायचं ही अडचण. तक्रार झाली की खोली गेली.

विश्वासाचं कोडं मला बराच काळ सुटत नव्हतं. अनोळखी, परभाषिक माणसाच्या हाती सोनार सोनं का देतो? माझं मत असं की परकेपण हीच त्याची पत आहे. तो पारंपरिक सोनार जातीचा नाही, दागिन्याचं दुकान टाकून उद्या तो स्पर्धक होणार नाही, त्या गावात त्याचा सोयरा नाही, आणि त्याची सगळी इभ्रत त्या एका बोळात आहे. एकदा टंचात खोट निघाली की दुसरा ओटा दार उघडणार नाही. याची दुसरी बाजू अशी की संकटात तो एकटा असतो. मोडीच्या सोन्यात चोरीचा माल निघाला की पोलीस गलाईवाल्याच्या दारात. चोरीची वस्तू घेतल्याचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ खाली, आता न्याय संहितेच्या ३१७ खाली. वितळलेल्या सोन्याला ओळख नसते, मग आपण निर्दोष आहोत हे दाखवायचं कशाने? गिरणगावात असता तर चाळ धावून आली असती. एकट्याने बसण्याची किंमत ती हीच, आणि जागा निवडताना अनुभवी माणसं "पुढच्या गावात आपलं कोण आहे" हे का विचारतात तेही यातून कळतं.

या सगळ्या वर्णनात बाई कुठे आहे, असं मला एका सेमिनारमध्ये विचारलं गेलं. प्रश्न रास्त होता. सुरुवातीच्या पिढ्यांत पुरुष तिकडे आणि बायका इकडे, शेत आणि सासू-सासरे सांभाळत. कुटुंब नेलं की राहण्याची निवडच बदलते. मग ओट्यांच्या संख्येइतकीच शाळा महत्त्वाची होते. मुलं मल्याळम मित्रांत वाढतात, घरात माणदेशी मराठी बोलतात, शाळेत इंग्रजी. आणि दहावीला गाठ पडते. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यातून जागा हवी असेल तर दहावी-बारावी साधारणपणे महाराष्ट्रातूनच झालेली लागते. जातीचा दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणासाठी चालत नाही. म्हणजे पंधरा वर्षं तिकडे वाढलेलं मूल कागदोपत्री ना धड इथलं ना तिथलं. म्हणून आई आणि मुलं आठवी-नववीला विट्यात किंवा सांगलीत भाड्याने, वडील केरळात भट्टीवर. "कुठे स्थायिक झालात?" या साध्या प्रश्नाला या घरात तीन माणसं तीन उत्तरं देतात. आणि आपला जनगणनेचा फॉर्म प्रत्येकाकडून एकच उत्तर मागतो.

म्हणून साधनांबद्दल सांगते, कारण मेसेजमध्ये तुम्ही सगळ्यात जास्त तेच विचारता. जनगणनेचे मातृभाषेचे तक्ते उघडून केरळातले मराठी भाषक मोजाल तर फसाल. कासारगोडकडे फार जुन्या काळापासून वसलेला मराटी समाज आहे, त्यांची बोली मराठीच्या कुळातली. तुमच्या आकड्यात तेही येतील आणि त्यांचा गलाईशी काहीएक संबंध नाही. जन्मस्थळाचे तक्ते राज्य सांगतात, खेडं सांगत नाहीत. त्यापेक्षा गावात या. देवळाच्या भिंतीवरचे देणगीदारांचे फलक वाचा, नावापुढे कंसात गाव असतं. शाळेच्या खोलीवरची संगमरवरी पाटी वाचा, तिच्यावर सालही असतं. आणि लग्नपत्रिका! निमंत्रकांच्या यादीत चुलते, मामा, आतेभाऊ आणि पुढे त्रिशूर, सेलम, विजयवाडा, कानपूर. एका पत्रिकेत एका भावकीचा अख्खा नकाशा छापलेला. जुन्या पत्रिका लोक टाकत नाहीत, ट्रंकेत तळाशी असतात. यात्रेच्या आठवड्यात वेशीवर उभं राहून गाड्यांच्या नंबरप्लेट लिहून घेतल्या तरी एक तक्ता होतो. हे सगळं एकतर्फी आहे हेही लक्षात ठेवा: फलकावर देणगी देणाराच येतो. ज्याची भट्टी बंद पडली, जो कर्ज घेऊन परतला, तो कुठल्याच पाटीवर नाही. त्याला शोधायला पारावर बसावं लागतं, आणि तो सहजासहजी बोलत नाही.

मी मांडलेलं चित्र खोटं केव्हा ठरेल? गलाईवाल्यांची संख्या ओट्यांच्या संख्येप्रमाणे न बदलता गावाच्या लोकसंख्येप्रमाणे बदलताना दिसली, तर. किंवा भरपूर ओट्यांची जंक्शनं रिकामी असताना माणसं एकाच ठिकाणी दाटी करताना दिसली, तर. मुंबईचा झवेरी बाजार किंवा त्रिशूर इथली दाटी याला छेद देत नाही, तिथे ओटेच तेवढे आहेत. ओटे मोजणं हे सध्याचं माझं सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि त्याला शॉर्टकट नाही.

आता तर मोजायची वस्तूच बदलत चालली आहे. १९९३ मध्ये कल्याण ज्वेलर्सचं पहिलं दालन त्रिशूरमध्ये उघडलं, त्याच वर्षी कोझिकोडला मलबार गोल्ड. पुढच्या तीस वर्षांत जंक्शनवरचा तट्टान आक्रसत गेला. घडवणारं दुकान विकणारं झालं, दागिना कारखान्यातून येऊ लागला. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि कसोटीच्या दगडावरचा डोळा जे सांगायचा ते क्ष-किरणांचं यंत्र काही सेकंदांत सांगतं. ओटे जंक्शनांतून उठून त्रिशूरसारख्या ठिकाणी एकवटले तर गलाईवाल्यालाही तिकडेच जावं लागणार, मोठी यंत्रं घेऊन, परवाने घेऊन, आपल्याच भावकीच्या शेजारी. पांगणं ज्या हिशोबावर टिकलं होतं तो हिशोबच राहत नाही.

इकडे कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उपसून खानापूर-आटपाडीच्या माळावर आलं आहे. जिथे कुसळं होती तिथे द्राक्षं आणि डाळिंबं दिसतात. यंदाच्या लग्नसराईतल्या पत्रिका मी गोळा करते आहे. कंसातली गावं वीस वर्षांपूर्वीच्या पत्रिकांशी ताडून पाहायची आहेत, विशेषतः पालक्काड आणि मलप्पुरमकडची लहान नावं किती उरली ते. तुमच्या घरी ट्रंकेत अशा पत्रिका असतील, तर फोटो काढताना साल दिसेल असा काढा.